सात आणि आठ नंबरच्या खुर्च्या

क्लेटन मोझलीला विकलं, ही बातमी नॉर्बर्ट डुडेकला एका अनोळखी माणसाच्या खिशातून कळली.

फेब्रुवारीतला गुरुवार. तीनला दोन मिनिटं कमी. बफेलोच्या वाहन नोंदणी कचेरीतली चार नंबरची खिडकी. आत नॉर्बर्ट, बाहेर एक ट्रकवाला, आणि ट्रकवाल्याच्या विम्याच्या कागदावर एक सही कमी. "सही नाही. पुढचा," असं नॉर्बर्ट म्हणणार, एवढ्यात ट्रकवाल्याच्या खिशातला फोन बोलला, "मिलर्सनी मोझली टुसॉनच्या संघाला दिला. बदल्यात आयझेया पिंकनी."

रांगेत सतरा माणसं होती. सतराच्या सतरा गावच्या बास्केटबॉल संघाची, मिलर्सची, भक्त. ट्रकवाल्यानं टोपी काढली.

नॉर्बर्टनं 'खिडकी बंद' ही पाटी उचलली आणि काचेपुढे ठेवली. सव्वीस वर्षांत ही पाटी फक्त साडेबाराला, जेवायला जाताना लागली होती. त्याचे वडील वारले त्या दिवशीही त्यानं आधी रांग संपवली होती.

आता हे मुदतीचं प्रकरण काय आहे ते एकदा बोलून टाकू. मोसम अर्ध्याहून जास्त सरला की एक दिवस येतो, त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत संघमालकांना माणसांची अदलाबदल करता येते. तीन वाजून एक मिनिटानं केली तर नियमभंग, एक मिनिट आधी केली तर दूरदृष्टी. ज्या माणसानं अकरा वर्षं तुमच्या गावाच्या बर्फात गुडघे झिजवले, त्याला पावणेतीनला सांगायचं की बाबा, संध्याकाळच्या विमानात बस. जुना फ्रीज विकताना माणूस आतली बर्फाची भांडी तरी काढून घेतो. आणि हे करणाऱ्यांना पेपरवाले 'धोरणी' म्हणतात. थू.

मोझली सात फुटी. दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया. वय चौतीस. तो इतर कुणासारखाच चार नंबरच्या खिडकीपुढे रांगेत उभा राहून गाडीची पाटी बदलून न्यायचा. नॉर्बर्टनं त्याला दोनदा परत पाठवलं होतं. एकदा पत्त्याचा पुरावा नव्हता, एकदा फोटोत डोकं मावलेलं नव्हतं. दोन्ही वेळा मोझली हसून गेला आणि कागद घेऊन परत आला. नॉर्बर्टच्या दृष्टीनं माणसाची किंमत कळायला एवढं पुरे होतं.

तो चहाच्या खोलीत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा रेडिओला फोन लावला.

बफेलोत अशी अदलाबदल झाली की सगळं गाव हॅंकच्या कार्यक्रमाला फोन करतं. हॅंक हा निवेदक. भांडण लावणं हा त्याचा धंदा, आणि तो त्यात वाकबगार.

"बोला, चीकटोवागाचे नॉर्बर्ट!"

"मोझली गेला म्हणजे रिबाउंड गेले," नॉर्बर्ट म्हणाला. "रिंगला आपटून परत आलेला चेंडू कोण धरणार? तो पिंकनी? त्या पोरानं जन्मल्यापासून एकोणीस पास दिलेत. बाकी वेळ स्वतःच मारतो. हा संघ प्लेऑफमध्ये जाणार नाही. गेला तर मी..."

"एक मिनिट," हॅंक म्हणाला, "डेप्यूहून ग्लेन लाइनवर आहेत."

नॉर्बर्टनं फोन कानापासून लांब धरला. डेप्यूत ग्लेन पुष्कळ असतील. पण बोलत होता तो त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. बफेलोत वर्षातले आठ महिने नाक गोठतं, आणि हा माणूस तिथं अंगणातले पोहण्याचे तलाव विकतो. असल्या माणसाचा आत्मविश्वास तुम्हीच ओळखा.

"दाजी, नमस्कार! अहो, मोझली परत बचावाला पोचेपर्यंत समोरचे गोल मारून पाणी पिऊन येतात. आपण अकराव्या नंबरवर आहोत दाजी. पहिले आठ प्लेऑफच्या बाद फेरीत जातात. पोरगा लांबून सामन्याला चार-चार मारतोय. संघाला पाय पाहिजेत. आठवणी काय, तुमच्या कपाटात ठेवा!"

"तुला बास्केटबॉलमधलं काय कळतं रे? तू मागच्या वर्षी हाफटाइमला घरी निघाला होतास, सामना संपला म्हणून!"

"दाजी, मुद्द्यावर या. मिलर्स प्लेऑफला गेले तर काय द्याल?"

गावभर रेडिओ चालू होते. चहाच्या खोलीच्या दारात कचेरीतले सहा जण उभे होते. आणि नॉर्बर्ट डुडेक, ज्यानं जन्मात कधी अपुऱ्या कागदावर शिक्का मारला नाही, तो एका श्वासात बोलून गेला, "माझ्या खुर्च्या देतो! सात आणि आठ!"

हॅंकनं गाईच्या गळ्यातली घंटा वाजवली. ती तो सौदा पक्का झाल्यावर वाजवतो.

"आणि न गेले तर, ग्लेनभाऊ?"

"न गेले तर दाजींसमोर बास्केटबॉलचा 'ब' सुद्धा काढणार नाही. जन्मभर."

हा मोबदला किती मोठा होता ते ज्यानं ग्लेनबरोबर रविवारचं जेवण घेतलंय त्यालाच कळेल.

*

पण खुर्च्याही साध्या नव्हत्या. मिलर्सच्या स्टेडियममधल्या राखीव जागा त्या. बास्केटच्या मागे, चौथी रांग. एकतीस वर्षं डुडेकांच्या नावावर. नॉर्बर्टच्या वडिलांनी पिठाच्या गिरणीत असताना घेतलेल्या. पाहुण्या संघाचा माणूस फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा नेम, मारायला उभा राहिला की मागच्या सगळ्या रांगा उठतात आणि पिठाची रिकामी पोती त्याच्या डोळ्यांसमोर झटकतात. गिरणी कामगारांनी सुरू केलेली ही चाल. आता क्लबवाले त्यांची प्लास्टिकची नक्कल दुकानात मांडून विकतात. त्याबद्दल मी काही लिहीत नाही, लिहिलं तर छापणार नाहीत. नॉर्बर्टकडे मात्र वडिलांचं खरं, सुती पोतं होतं. त्यानं एकतीस वर्षांत एकही फ्री थ्रो बसून पाहिला नव्हता.

"खुर्च्या दिल्यास?" त्याची बायको जेनिन म्हणाली. "आठ नंबरची माझी आहे. मला विचारलंस?"

"जाणारच नाहीत गं ते प्लेऑफला."

"म्हणजे आता आपला संघ हरावा म्हणून तू देव पाण्यात ठेवणार? छान. बाबांना कळवू का?"

"ते वारलेत."

"म्हणून तर वाचलास."

शेजारच्या टेडेस्कोबाई कुंपणावरून ऐकत होत्या. वय ब्याऐंशी. नऊ नंबरची खुर्ची त्यांची. सामन्याला जाताना नॉर्बर्टच्याच गाडीत बसायच्या आणि वाटेत गाडी कशी चालवावी ते सांगायच्या.

"नॉर्बर्ट, तुझं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मोझलीचे गुडघे गेलेत, पण कुल्ले शाबूत आहेत. रिबाउंड कुल्ल्यांनी घेतात, हातांनी नाही. तो पिंकनी म्हणजे नुसती हाडं."

"तेच तर म्हणतोय काकू!"

"पण खुर्च्या पणाला लावायला नको होत्या. गाढव आहेस."

सल्ला द्यायला मग सगळी गल्ली सरसावली. कुणी म्हणालं, रेडिओवरचं बोलणं कायद्यात बसत नाही. कुणी म्हणालं, बसतं. पोस्टमन म्हणाला, दारू प्यायलो होतो असं सांग. नॉर्बर्टला ते सगळ्यात जिव्हारी लागलं. कचेरीत दुपारी तीन वाजता!

मिलर्स मात्र हरायला लागले. एक, दोन, सहा सामने ओळीनं. पिंकनी चेंडू हातात आला की रिंगकडे बघायचा, आणि चार मोकळे साथीदार हात वर करून उभे असायचे, लग्नात फोटोवाल्याच्या मागे उभ्या राहिलेल्या नातेवाईकांसारखे. नॉर्बर्ट खुर्चीत बसून गालातल्या गालात हसायचा. मग लाज वाटून पोतं जरा जास्तच जोरात झटकायचा.

रविवारी ग्लेन जेवायला आला. बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगी खाता खाता म्हणाला, "अजून बावीस सामने आहेत. आणि तसंही दाजींचं नुसतं तोंडी आहे. कागदावर काय आहे? उद्या म्हणतील, मी बोललोच नाही."

जेनिननं काटा खाली ठेवला. तिला कळलं, आता काही खरं नाही. नॉर्बर्टला कुणी लबाड म्हणालं असतं तर त्यानं सोडून दिलं असतं. पण 'कागदावर नाही'?

दुसऱ्या दिवशी तो रजा टाकून, पैज हरलो तर खुर्च्या ग्लेनच्या नावे असा अर्ज घेऊन क्लबच्या कचेरीत हजर झाला.

खिडकीत एक मुलगी होती. प्रत्येक नखावर मिलर्सचं चिन्ह. तिनं अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि मान वर न करता म्हणाली, "मूळ वाटपाचं पत्र नाही. पुढचा."

ते 'पुढचा' ऐकून नॉर्बर्टच्या अंगावर काटा आला. एवढं सफाईदार 'पुढचा' त्याला स्वतःलाही जमलं नव्हतं.

मंगळवारी त्यानं पत्र नेलं. पत्र वडिलांच्या नावावर होतं, तर त्यांचा मृत्यूचा दाखला हवा. बुधवारी दाखला नेला. नोटरीचा शिक्का मागच्या बाजूला होता, पुढच्या बाजूला हवा. गुरुवारी पुढच्या बाजूला आणला. मग ती म्हणाली की अटीवर हस्तांतर असं काही नसतंच. मग एक साहेब आले. ते हॅंकचा कार्यक्रम ऐकणारे निघाले. त्यांनी आनंदानं अर्जाला एक चिठ्ठी टाचली: 'संघ प्लेऑफला गेल्यास त्या दिवसापासून लागू.'

"हा अर्ज मागे घेता येत नाही हं," मुलगी म्हणाली.

"मागे घेणारा माणूस नाही मी," नॉर्बर्ट म्हणाला, आणि छाती काढून बाहेर पडला. त्या क्षणी मिलर्स बाराव्या नंबरवर होते.

त्याच संध्याकाळी पिंकनीनं पास दिला.

एकच. कोपऱ्यात उभ्या असलेल्याला. त्यानं गोल केला, आणि पिंकनी स्वतःच चकित झाला. एखाद्याला वयाच्या बाविसाव्या वर्षी साखरेची चव कळावी तसा. मग त्यानं आणखी अकरा पास दिले. मिलर्स जिंकले. पुढचाही जिंकले. अकरावे, दहावे, नववे.

नॉर्बर्टचं वजन घटायला लागलं. रोज सकाळी तो गुणतक्ता उघडायचा आणि रक्ताचा रिपोर्ट आल्यासारखा वाचायचा. हॅंक रोज साडेतीनला त्याचं 'माझ्या खुर्च्या देतो!' वाजवायचा, मागे घंटा. खिडकीपुढची माणसं आता नंबरप्लेट सोडून भलतंच विचारायची, "साहेब, मन घट्ट केलंत का?" ग्लेन एका सामन्याला मुद्दाम आला आणि सात नंबरच्या खुर्चीत बसून पाय लांब करून बघून गेला. "जरा टणक आहे दाजी. मी उशी आणेन."

नॉर्बर्टनं पोतं झटकणं सोडलं. सगळी रांग उठायची आणि हा मांडीवर घडी केलेलं पोतं ठेवून बसून राहायचा.

"गुडघे दुखतात," तो म्हणायचा.

"गुडघे?" टेडेस्कोबाई म्हणाल्या. "माझे दोन्ही स्टीलचे आहेत. मी उठते."

"काकू, समजून घ्या ना जरा."

"कळलंय मला. सगळ्या रांगेला कळलंय. म्हणून तर कुणी तुझ्याशी बोलत नाही."

हे खरं होतं. मागच्या रांगेतला दंतवैद्य, जो एकतीस वर्षं त्याला शेंगदाणे द्यायचा, तो आता शेंगदाण्यांचा पुडा दुसऱ्या मांडीवर ठेवायचा.

*

एप्रिलमधला शेवटचा सामना. जिंकले तर आठवे, म्हणजे आत. हरले तर नववे, म्हणजे घरी. आणि समोर कोण? टुसॉन. क्लेटन मोझलीसकट. वेळापत्रक बनवणाऱ्यांना माणसाच्या काळजाशी काही घेणंदेणं नसतं.

नॉर्बर्टनं पोतं मुद्दाम घरी, कपाटात ठेवलं. अंगात मोझलीचा जुना मिलर्सचा शर्ट घातला, पाठीवर पन्नास नंबर. मी माझ्या माणसाच्या बाजूनं आहे, हे त्याचं उघड म्हणणं होतं. मोझली मैदानात आला तेव्हा अख्खं गाव उभं राहून दोन मिनिटं टाळ्या वाजवत होतं. मोझलीनं डोळे पुसले. मग खेळ सुरू झाला आणि मोझलीनं कुल्ल्यांनी लोटून लोटून सतरा रिबाउंड काढले.

"बघ!" नॉर्बर्ट जेनिनला म्हणाला. "कोण बरोबर होतं?"

"तो आपल्या विरुद्ध खेळतोय, नॉर्ब."

"पण बरोबर कोण होतं?"

शेवटची दोन सेकंदं. मिलर्स एकशे चार, टुसॉन एकशे तीन. पिंकनीनं मोझलीचा हात ओढला, शिट्टी वाजली. मोझलीला दोन फ्री थ्रो. ते डुडेकांच्या बाजूच्या बास्केटवर.

सगळी रांग उठली. पोती फडफडली. नॉर्बर्ट बसून राहिला.

पहिला आत गेला. एकशे चार, एकशे चार.

स्टेडियममधून एक आवाज आला, टायरमधून हवा जावी तसा. आता दुसरा गेला की संपलं. मिलर्स बाहेर. खुर्च्या घरात. ग्लेन जन्मभर गप्प. नॉर्बर्टनं हे सगळं एकामागून एक मोजलं. त्याला करायचं काहीच नव्हतं. फक्त बसायचं होतं. सव्वीस वर्षं सरकारी खुर्चीत बसलेल्या माणसाला आणखी दहा सेकंदं बसणं अवघड असू नये.

मोझलीनं चेंडू दोनदा आपटला. वर बघितलं.

आणि नॉर्बर्टचे पाय त्याला न विचारता उभे राहिले. हात पोत्याकडे गेले. पोतं नव्हतं. हात मोकळे राहिले, हवेत, आणि मोझली गुडघे वाकवत होता. नॉर्बर्टनं अंगातला शर्ट डोक्यावरून ओढून काढला आणि त्याचा झेंडा करून मोझलीच्याच नावाचा, मोझलीच्याच नंबरचा शर्ट मोझलीच्या तोंडासमोर गरागरा फिरवायला लागला. अठ्ठावन्न वर्षांचं पोट, हिवाळाभर ऊन न लागलेलं, चौथ्या रांगेत थरथरत होतं.

"पुढचा!" नॉर्बर्ट किंचाळला. का ते त्यालाही कळलं नाही. तोंडात तेवढंच होतं.

मोझलीनं ते पोट बघितलं, शर्ट बघितला, मग तोंड बघितलं. चार नंबरची खिडकी. त्याला हसू फुटलं. हसता हसताच चेंडू सुटला, रिंगला लागला, आणि बाहेर पडला.

टेडेस्कोबाईंनी नॉर्बर्टच्या उघड्या पाठीवर असा धपाटा मारला की पाच बोटं उठली.

बरोबरीचा जादा वेळ सुरू व्हायच्या आत रखवालदार आला. प्रेक्षकानं कपडे काढायचे नाहीत असा नियम आहे. त्यानं नॉर्बर्टला दंडाला धरून बाहेर नेलं. जादा वेळाची ती पाच मिनिटं नॉर्बर्टनं बोळकांडीत, रखवालदाराचं नारिंगी जाकीट घालून, बंद दरवाजाला कान लावून काढली.

"काय चाललंय आत?" त्यानं विचारलं.

"मला तरी कुठं दिसतंय?" रखवालदार म्हणाला. मग त्याच्याकडे निरखून बघत, "तुम्ही गाड्यांच्या कचेरीतले ना? आमच्या आईला तीनदा परत पाठवलं होतंत."

"कागद अपुरे असतील."

"एक फोटो कमी होता."

"मग बरोबर आहे."

आतून आरोळी आली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. ही आनंदाची की दुःखाची? मग दुसरी आली, आणि दरवाजा हादरला, आणि दरवाजातून जेनिन धावत आली, हातात त्याचा शर्ट, केस विस्कटलेले.

"जिंकलो!" ती ओरडली. मग तिचा चेहरा पडला. "नॉर्ब. जिंकलो रे."

नॉर्बर्ट रखवालदाराच्या गळ्यात पडून रडला. कशासाठी ते मी सांगणार नाही. त्यानंही सांगितलेलं नाही.

*

तीन दिवसांनी दोन पत्रं आली. एक नॉर्बर्टला, एक ग्लेनला. मजकूर एकच. 'नियम चौदा, कलम ब. गैरवर्तनामुळे बाहेर काढलेल्या प्रेक्षकाच्या नावावरच्या सर्व खुर्च्या प्लेऑफ संपेपर्यंत रिकाम्या राहतील. त्या वापरता, विकता अथवा दुसऱ्यास देता येणार नाहीत. या काळात लागू होणारे हस्तांतर रद्द समजावे.' खाली त्या नखांवाल्या मुलीची सही. शिक्का पुढच्या बाजूला.

नॉर्बर्टनं पत्र दोनदा वाचलं. एका कलमात दोन माणसांना घरी बसवलं होतं. त्याला मनातून त्या मुलीला सलाम करावासा वाटला.

ग्लेन मात्र दार न वाजवताच आत आला.

"दाजी, हे चालणार नाही. तुम्ही रेडिओवर खुर्ची म्हणालात. मी खुर्ची जिंकलोय."

"कलम ब वाच."

"कलम गेलं खड्ड्यात. खुर्ची म्हणजे खुर्ची." त्यानं दिवाणखान्यात नजर फिरवली. टीव्हीसमोर नॉर्बर्टची खुर्ची होती. मागे रेलणारी, पाय वर येणारी, एकोणीस वर्षांत नॉर्बर्टच्या पाठीचा खळगा पडलेली. "ही द्या."

नॉर्बर्टनं जेनिनकडे बघितलं.

"शब्द म्हणजे शब्द," जेनिन म्हणाली. "आणि माझी आठ नंबरची पण गेली, हे विसरू नकोस."

मग प्लेऑफचा घरचा पहिला सामना, समोर टोलेडो, नॉर्बर्टनं स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पाहिला. ग्लेन खुर्चीत, पाय वर, आणि तोंड चालू. "बघितलंत दाजी? पास बघितलात? मोझलीनं दिला असता असा पास? कबूल करा. एकदा कबूल करा!" पडद्यावर बास्केटच्या मागे दोन रिकाम्या खुर्च्या आणि त्यांच्या शेजारी टेडेस्कोबाई, दोन्ही हातांत दोन पोती.

पिंकनी चांगला खेळत होता. हे नॉर्बर्टला दिसत होतं, आणि हे तो मरेपर्यंत बोलणार नव्हता.

मग शिट्टी वाजली. टोलेडोला फ्री थ्रो.

नॉर्बर्ट उठला. कपाट उघडलं. वडिलांचं पोतं काढलं, टीव्हीसमोर जाऊन उभा राहिला, आणि झटकायला लागला. जुनं पीठ उडालं आणि ग्लेनच्या सूपमध्ये पडलं.

"दाजी! बाजूला व्हा, दिसत नाही!"

"फ्री थ्रो आहे."

"अहो, तो माणूस इथून नऊ मैलांवर आहे!"

"म्हणून तर जोरात हलवतोय," नॉर्बर्ट म्हणाला.

त्या सामन्यात टोलेडोला सत्तावीस फ्री थ्रो मिळाले. अकरा चुकले. ग्लेनला एकही दिसला नाही.